मुलीला बारावीनंतर टेनिसच खेळायचंय. हजारावा नंबर म्हणजे नेमकं काय?

सेलूची आई

नमस्कार. मी सेलूची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आमच्या ह्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. मुलगी 17 वर्षांची, यंदा बारावी सायन्स. आठवीपासून छत्रपती संभाजीनगरला माझ्या बहिणीकडं राहून गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात टेनिस खेळायलीय. आयटाच्या (देशाच्या टेनिस संघटनेच्या) 14 आणि 16 वर्षांखालच्या स्पर्धांत दोनदा फायनलला गेली. मागच्या महिन्यात पहिल्यांदा डब्ल्यू15 ची, म्हणजे महिलांच्या सर्वांत खालच्या व्यावसायिक स्पर्धेची, पात्रता फेरी खेळली आणि 6-1, 6-2 हरली. मला वाटलं, आता आपोआप अभ्यासाला बसेल. पण रिक्षात बसल्या बसल्या म्हणाली, "आई, दुसऱ्या सेटमध्ये तिची सर्व्हिस मला दिसायली होती. मला बारावीनंतर हेच करायचंय."

तेव्हापासून घरात रोज हाच विषय. थोरले भाऊजी म्हणतात, लातूरला खोली करून द्या, एक वर्ष मेडिकलची नीट परीक्षा रिपीट करू द्या, लेकरू हुशार आहे. हे काही बोलत नाहीत, दुकानाची वही उघडून बसतात. शाळेत एका सरांनी नेटवर बघून सांगितलं की आपल्या कितीतरी मुली टेनिसच्या जागतिक क्रमवारीत पाचशे, आठशे, हजार अशा नंबरवर आहेत. म्हणाले, "मॅडम, हजारावा नंबर म्हणजे नापासच की." मला उत्तर देता आलं नाही, ते मनाला लागून राहिलंय.

कोणी स्वतः खेळलेलं असेल, कोणाची मुलगी खेळत असेल तर कृपा करून खरं खरं सांगा. किती वर्षं द्यायची? वर्षाला लागतात किती आणि परत येतात किती? माझा पगार आणि थोडी एफडी मिळून आम्ही साताठ लाख उभे करू शकतो. त्यापुढं शेत आहे. शेताला हात लावायचा नाही असं सासूबाईंनी सांगितलंय आणि मलाही ते पटतं.

मुलीचा बाबा, संभाजीनगर

ताई, माझी मुलगी 19 वर्षांची, दोन वर्षांपासून डब्ल्यू15 खेळते. कागदोपत्री गोष्टी सांगतो.

आयटीएफचा (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा) आयपिन, म्हणजे खेळाडूचा नोंदणी क्रमांक, तुम्ही काढलेलाच असणार. प्रवेशाची मुदत स्पर्धेच्या सोमवारच्या 18 दिवस आधी, गुरुवारी संपते. नाव मागे घ्यायचं असेल तर 13 दिवस आधीचा मंगळवार. ह्या दोन तारखा घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवा. आम्ही एकदा मंगळवार चुकवला आणि फुकट भुर्दंड बसला.

वयाचा नियमही बघा. 18 पूर्ण होईपर्यंत व्यावसायिक स्पर्धांना मर्यादा असते. वर्षाला ठरावीकच स्पर्धा खेळता येतात. तुम्हाला त्याची अडचण येणार नाही, बारावीच्या वर्षात तेवढ्या होतच नाहीत.

सुरुवातीला देशातल्याच स्पर्धा धरा. सोलापूर, पुणे, नागपूर, नवी मुंबई, जिथं रेल्वेनं जाऊन येता येतं. तिथं मोठ्या स्पर्धा असल्या तर मुख्य ड्रॉ (पात्रता फेरीनंतरची खरी स्पर्धा) लांबच, पात्रता फेरीत जागा मिळाली तरी शिकायला मिळतं. वर्षाच्या खर्चाबद्दल माझं तोंड उघडत नाही, ते दुसऱ्या कोणीतरी सांगावं.

धाराशिवची, जुनी खेळाडू

ताई, मी धाराशिवची. 2014 ते 2019 व्यावसायिक स्पर्धा खेळले. सर्वांत वरची जागा नऊशे आणि हजारच्या मधली, तीही काही आठवडेच टिकली. आता इथंच लेकरांना शिकवते. तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोप लागली नाही. आत्ता सकाळची बॅच संपवून बसले आहे, लांबेल, चालवून घ्या.

आधी तुमच्या सरांचं. हजारावा नंबर म्हणजे नापास नाही. क्रमवारीत नाव यायचं तर तीन वेगवेगळ्या स्पर्धांत गुण मिळवावे लागतात, नाहीतर एकूण 10 गुण लागतात. डब्ल्यू15 च्या मुख्य ड्रॉमध्ये एक मॅच जिंकली की एक गुण. तुमची मुलगी 6-1, 6-2 हरली ती पात्रता फेरी, म्हणजे त्या एका गुणाच्या कितीतरी पायऱ्या खाली. मी 2014 मध्ये खेळायला लागले आणि माझा पहिला गुण आला तो चौदा महिन्यांनी. एक गुण! त्या दिवशी बाबांनी डेपोत पेढे वाटले. ते एसटीत मेकॅनिक होते. त्यांच्या दोस्तांना कळेना की एका गुणाचे पेढे कसले.

नीटला 2024 मध्ये 23 लाखांवर मुलं बसली होती. त्यात नऊशेवा नंबर आला तर सेलूच्या चौकात बॅनर लागेल आणि लागायलाच पाहिजे. त्या मुलाला तो नंबर परत मिळवावा लागत नाही. टेनिसमध्ये तुम्ही कमावलेला गुण 52 आठवड्यांनी गळून पडतो. दर सोमवारी यादी नवी. तुम्ही घरी तापानं पडलेल्या असा, घोटा मुरगळलेला असो, गेल्या वर्षीच्या ह्या आठवड्यातले गुण जाणार म्हणजे जाणार. सरांना एवढंच सांगा, त्यांना कळेल.

आता पैसे. डब्ल्यू15 म्हणजे एकेरी, दुहेरी सगळं धरून स्पर्धेचं एकूण बक्षीस 15 हजार डॉलर. मी शेवटी खेळायचे तेव्हा पहिली फेरी हरलं की हातात दीडशे डॉलरसुद्धा येत नव्हते. त्यातून कर कापला जायचा. पात्रता फेरीत हरलं तर काहीच नाही, उलट प्रवेश फी आपली. मी सोडल्यावर कुठंतरी वाचलं की आयटीएफनंच 2013 च्या हिशोबावरून काढलं होतं, एका व्यावसायिक महिला खेळाडूला वर्षाला सरासरी 40 हजार डॉलर खर्च येतो, कोचचा खर्च सोडून. आणि बक्षिसातून तो खर्च भरून निघायला एकेरीत साधारण 253 वी जागा लागते. ते वाचून मी खूप वेळ गप्प बसले होते. मी पाच वर्षं स्वतःला दोष देत होते की आपण उधळ्या आहोत, आपल्याला पैसे वाचवता येत नाहीत. खरं तर मी पात्रता फेरीच्या आदल्या रात्री रेल्वेच्या वेटिंग रूममध्ये झोपलेली पोरगी!

सगळ्यांची धाव कुठं असते तेही सांगते. 2025 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पात्रता फेरीची पहिलीच मॅच हरणाऱ्या मुलीलाही 35 हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. असल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांच्या, म्हणजे ग्रँड स्लॅमच्या, पात्रता फेरीत जायला साधारण सव्वादोनशेच्या आत यावं लागतं. त्या रेषेच्या अलीकडं एक जग आहे आणि पलीकडं दुसरं. आपण सगळ्या पलीकडच्या.

तुमच्या साताठ लाखांत काय होईल? देशातल्या स्पर्धा, रेल्वेनं प्रवास, कोणाबरोबर तरी खोली वाटून, वर्षातून एकदा चार-पाच आठवड्यांची बाहेरची फेरी. असं काटकसरीनं केलं तर दोन वर्षं निघतात. तिसरं निघत नाही. दुखापत झाली तर दोनही नाहीत.

आता जे सांगायला मी हे सगळं लिहायले, ते सांगते.

2018 ची गोष्ट. इजिप्तला शर्म-अल-शेखमध्ये त्या काळी आठवड्यामागून आठवडे 15 हजारांच्या स्पर्धा असायच्या, एकाच ठिकाणी. हॉटेल त्यांचंच घ्यावं लागायचं. आम्ही तिघी भारतीय मुली एका खोलीत. आईनं दिलेले धपाटे चौथ्या दिवशी संपले, शेंगदाण्याची चटणी शेवटपर्यंत पुरली. एका तारेचे पंधरा डॉलर द्यावे लागतात म्हणून मी रॅकेटची तार ढिली पडली तरी तशीच वापरायचे. तिसऱ्या आठवड्यात मुख्य ड्रॉमध्ये आले. समोर माझ्यापेक्षा तीनशे जागा वरची मुलगी. पहिला सेट मी 6-4 जिंकला. दुसऱ्यात 5-4, सर्व्हिस माझी, 30-30. दोन पॉइंट आणि मॅच.

पहिली सर्व्हिस बाहेर गेली. दुसरीसाठी मी चेंडू आपटला, एक, दोन, तीन, आणि चौथ्याला डोक्यात आलं की ही मॅच जिंकली तर शंभरावर डॉलर वाढतात, म्हणजे हॉटेलच्या दोन रात्री निघतात, म्हणजे काकांना ह्या महिन्यात... चेंडू वर गेला तेव्हा मी धाराशिवला होते. डबल फॉल्ट. तो गेम गेला, सेट 7-5 गेला, तिसरा 6-2.

काकांना म्हणजे माझ्या चुलत्यांना. त्यांनी सोयाबीन विकून दोन लाख दिले होते. स्वतःहून दिले होते, कोणी मागितले नव्हते. पण दर स्पर्धेनंतर फोन यायचा, "मग किती मिळाले?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. माणूस पेरलं की बांधावर जाऊन बघतोच. पण मला तो प्रश्न कोर्टवर ऐकू यायला लागला होता. ब्रेक पॉइंटवर, टायब्रेकमध्ये. सराव करून बॅकहँड सुधारता येतो, पण हे डोक्यातलं जायचं नाही.

त्या फेरीहून परत आल्यावर मी बाबांना हे सांगितलं. सांगताना खूप लाज वाटली. बाबा काही बोलले नाहीत. पंधरा दिवसांनी पीएफवर कर्ज काढून त्यांनी काकांचे पैसे परत केले आणि मला म्हणाले, "हे जे उरलेत ते गेले. समज की गेलेच. तू हिशोब ठेवायचा नाही, मी पण ठेवणार नाही." त्यानंतर मी देशात तीन स्पर्धा खेळले आणि एकीत उपांत्यपूर्व फेरी गाठली. माझं सर्वांत चांगलं टेनिस तेच.

म्हणून ताई, साताठ लाख द्यायचे असतील तर ते गेले असं आधी तुम्ही दोघांनी एकमेकांना सांगा, मग तिला सांगा. तुमच्या ह्यांची ती दुकानाची वही तिच्यासमोर उघडू नका. आणि भाऊजींकडून, मामांकडून, कोणाकडूनही उसने घेऊ नका. मुदत मात्र ठरवा, पहिल्याच दिवशी, तिच्यासमोर. दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं.

मी का सोडलं तेही विचारतात लोक. 2019 च्या जानेवारीत नियम बदलले. 15 हजारांच्या स्पर्धांना डब्ल्यूटीएचे, म्हणजे महिलांच्या जागतिक क्रमवारीचे, गुण देणं बंद केलं, पात्रता फेरीचा ड्रॉ 24 जणींवर आणला. माझ्यासारख्या शेकडो मुलींना खेळायला जागाच राहिली नाही. जगभरातून ओरड झाली, ऑगस्टमध्ये नियम परत फिरवले. पण तोवर माझे पैसे आणि गुण दोन्ही संपले होते.

सेलूची आई

ताई, वाचून डोळ्यांत पाणी आलं. ह्यांनाही वाचून दाखवलं. त्यांनी वही मिटली, एवढंच सांगते.

दोन शंका आहेत. एक, पोरगी एकटी कशी जाईल? मला सुट्ट्या मिळत नाहीत. आणि दुसरी, आपल्या भागातल्या मुलीला हे खरंच जमतं का? पुण्याच्या मुली लहानपणापासून चांगल्या कोर्टवर असतात.

नांदेडचा कोच

मी नांदेडला वीस वर्षांपासून शिकवतो. वरच्या ताईंनी लिहिलेलं सगळं खरं आहे, पण एक रस्ता राहिला. अमेरिकेतल्या कॉलेजचा. तिथं टेनिसवर शिष्यवृत्ती मिळते, कोच, फिजिओ, प्रवास, सगळं कॉलेजचं, आणि हातात पदवी. ऋतुजा भोसले श्रीरामपूरची, म्हणजे वैजापूर ओलांडलं की आलंच. ती टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली आणि 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. आपली दुसरी भारतीय खेळाडू सहजा यमलापल्लीसुद्धा अमेरिकन कॉलेजातूनच पुढं आली.

मात्र बारावीनंतर दोन वर्षं इकडं खेळून मग तिकडं जाऊ असं करू नका. शाळा संपल्यावर फार काळ स्पर्धा खेळत राहिलं तर कॉलेजमधून खेळण्याची वर्षं कापली जातात. ठरवायचं तर आत्ता ठरवा. मुलगी हुशार आहे म्हणता, सायन्सचे मार्क तिथं उपयोगी पडतील. मॅचचे व्हिडिओ काढून ठेवा, न कापलेले, हरलेल्या मॅचचेही. तिथले कोच तेच बघतात.

धाराशिवची, जुनी खेळाडू

सरांशी मी सहमत आहे. माझ्या वेळी हे सांगणारं कोणी नव्हतं. तिला विचारा, तिला ते हवं असेल तर पैशाचा अर्धा प्रश्न सुटतो.

आपल्या भागाचं म्हणाल तर प्रार्थना ठोंबरे बार्शीची. बार्शी धाराशिवपासून तासाभरावर. 2014 ला इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाबरोबर दुहेरीचं कांस्य, 2016 ला रिओ ऑलिंपिक. ती आणि ऋतुजा दोघींचीही मोठी पदकं दुहेरीतली आहेत. तुमच्या मुलीला पहिल्या दिवसापासून दुहेरी खेळायला लावा. आठवडा तोच, तिकीट तेच, हॉटेल तेच, मॅच मात्र जास्त मिळतात. मी दुहेरी टाळायचे, पाय थकतील म्हणून. ती चूक होती.

पण कोर्टचं म्हणालात ते खोटं नाही. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आमच्याकडंही तीच गत. मातीच्या कोर्टला रोज पाणी मारून रोलर फिरवावा लागतो, नाहीतर वरचा थर उडून जातो. लोक घागरी घेऊन टँकरमागं पळत असताना कोर्टला पाणी मारा असं कोणत्या तोंडानं म्हणणार? चार महिने आम्ही एका शाळेच्या सिमेंटच्या अंगणात खेळलो. सिमेंटवर चेंडू सरपटत येतो, हात मागं न्यायला वेळच मिळत नाही. माझा फोरहँड तेव्हा आखूड झाला तो कायमचा. नंतर पुण्यातल्या एका कोचनं विचारलं, "तुला असा अर्धा हात कोणी शिकवला?" मी काय सांगणार? तुमची मुलगी गारखेड्याला हार्ड कोर्टवर खेळते, ह्या बाबतीत ती माझ्यापेक्षा पुष्कळ पुढं आहे.

एकटी जाण्याबद्दल. देशातल्या स्पर्धांना एकटी जाईल, काही होत नाही. मुली एकमेकींना सांभाळून घेतात, दुसऱ्या फेरीत एकमेकींविरुद्ध असल्या तरी रात्री एकाच डब्यातून जेवतात. पात्रता फेरीत बऱ्याचदा खुर्चीत पंच नसतो, आपल्या बाजूच्या रेषा आपणच द्यायच्या. तिला मोठ्यानं आणि लगेच "आउट" म्हणायची सवय लावा. आपल्याकडच्या मुली लाजतात, समोरची ते ओळखते.

आणि एक गोष्ट, जी आईबापांना कोणी सांगत नाही. डब्ल्यू15 चे स्कोअरसुद्धा थेट जगभर जातात आणि त्यावर सट्टा लागतो. मुलगी हरली की ज्याचे पैसे बुडाले तो कुठून तरी इन्स्टाग्रामवर घाण लिहितो. आईवर, मरणावर, काहीही. मला पहिल्यांदा आलं तेव्हा मी घरी सांगितलं नाही, आठवडाभर कोर्टवर प्रेक्षकांकडं बघत राहिले की ह्यातला कोण. स्पर्धेच्या आठवड्यात तिचं खातं तुमच्या फोनवर ठेवा. मॅच हरायचे पैसे देतो असं कोणी म्हणालं तर त्याच दिवशी टेनिसमधले गैरप्रकार बघणाऱ्या आयटीआयए संस्थेला कळवायचं. नाही म्हणणं पुरत नाही, न कळवणं हाही नियमभंग धरतात.

सेलूची आई

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. कॉलेजचं आम्ही तिघं बसून बघायलो, ती दोन्हीला तयार आहे म्हणते. दोन वर्षांची मुदत तिनं स्वतः कागदावर लिहून देवघरात ठेवली.

धाराशिवच्या ताई, तिनं तुमचं सगळं वाचलं. पैशाबद्दल काही विचारलं नाही. एकच विचारायला सांगितलं: 5-4, 30-30 ला ती दुसरी सर्व्हिस तुम्ही कुठं मारायला गेला होतात?

धाराशिवची, जुनी खेळाडू

मधल्या रेषेवर, तिच्या बॅकहँडला. जाळीत गेली. ती तीन गेमपासून बॅकहँडला थांबून उभी राहायली होती हे मला दिसत होतं. अंगावर मारायला हवी होती, भरपूर स्पिन देऊन, जाळीच्या हातभर वरून. तिला घेऊन एकदा धाराशिवला या. सकाळी सहाला मी कोर्टवर असते, चेंडूंची टोपली घेऊन तीच सर्व्हिस मारून बघू.